कान ओढायचा रिवाज

"सांग झुंबर, तुले येते," नारायणराव मास्तर पुन्हा म्हणाले. झुंबर खाली मान घालून उभी.

दारात तिचा बाप हिंमतराव बसला होता. त्याला मास्तरांनीच मोठ्या तोऱ्यात बोलावून आणलं होतं. मेहकरच्या या अंगाला असं डोकं मी पाहिलं नाही, शाळा सुटल्यावर तिला एकटीला पुढचं शिकवू द्या, स्कॉलरशिपला बसवतो, म्हणून मास्तर हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. शेवटी हिंमतराव म्हणाला होता, "माह्यासमोर दाखवा. नाई तं उद्याच्यानं ते कापूस वेचाले जाईन."

आणि आज हे असं! विहिरीवर एकटी भेटली की याहून अवघड गणित चुटकीसरशी सोडवणारी पोर, वर्गात आली की तोंडाला कुलूप.

गणित फळ्यावर होतं. एक बाई कापसाचं वावर सहा दिवसांत वेचते, दुसरीला तेच वेचायला बारा दिवस लागतात. दोघी मिळून लागल्या तर किती दिवस? कोणी नऊ म्हणालं. झुंबरचा थोरला भाऊ निवृत्ती तर छाती काढून अठरा म्हणाला. त्यावर हिंमतराव फसकन हसला. चुकलेले सगळे उभे होते. मास्तरांच्या शाळेचा रिवाजच होता तो. ज्याला उत्तर येईल त्यानं उभ्या राहिलेल्यांचे कान ओढायचे. त्यानं पोरं हुशार होतात, असं मास्तर गावभर सांगत.

हिंमतराव उठला. "झालं ना मास्तर? चाल वं घरी."

"थांबा!" मास्तर दारात आडवे आले. ते काही हार मानणारे नव्हते. "एकडाव अजून इचारतो."

ते वळले आणि त्यांनी झुंबरकडे नीट पाहिलं. तिचं लक्ष फळ्याकडे नव्हतंच. ती निवृत्तीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. अरे देवा! थोरल्या भावाच्या कानाला ही पोर हात कसा लावणार?

ते बोलणार, तोच निवृत्ती रांगेतून बाहेर आला. बहिणीपुढे उकिडवा बसला आणि त्यानं कान पुढे केला.

"ओढ वं. चांगला पिरगाय. पण पह्यले उत्तर सांग."

"चार," झुंबर म्हणाली. मग तिला थांबवणार कोण! "पह्यलीचे दोन वाटे होतेत तवा दुसरीचा एक होते. वावराचे तीन वाटे धरा. पह्यलीचे दोन वाटे चार दिवसांतच होतेत."

मास्तरांना तिला कडेवर उचलून घ्यावंसं वाटलं. पण तिचा हात काही उठेना. तेव्हा निवृत्तीनंच तो धरून आपल्या कानाला लावला.

एवढ्यात हिंमतराव तरातरा आत आला. बापाचा राग साऱ्या गावाला माहीत होता. पोरगी भिंतीला टेकली. मास्तर पुन्हा मध्ये पडले.

"सरका मास्तर. सांजच्याले इले ठेवून घेत जा, मी काई म्हणत नाई." हिंमतरावानं डोक्यावरचा फेटा काढून काखेत धरला आणि लेकीपुढे वाकला. "ओढ माहाबी. मी मनात नऊ धरले होते."