फ्यूज पुन्हा उडू नये म्हणून

दत्तप्रसादने डबा उघडला आणि फोन वाजला. पडद्यावर अस्मीचं नाव. भर दुपारी, कामाच्या दिवशी! डबा तसाच बाजूला सारून त्याने फोन उचलला.

“बाबा, क्विक क्वेश्चन,” लेक म्हणाली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

अबुधाबीला तिच्या कारखान्यातलं लेथ मशीन बंद पडलं होतं. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा फ्यूज उडाला होता. स्टोअरवाल्याने तेवढ्याच अँपिअरचा साधा फ्यूज आणून दिला होता आणि तिचा साहेब वासिफ मागे उभा राहून ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होता.

“सेम रेटिंग आहे, बाबा. कॅन आय पुट इट?”

उत्तर एका शब्दाचं होतं: नाही. अबुधाबीपासून दोन तासांवरच्या हमरियाच्या या वर्कशॉपमध्ये मशिनं दुरुस्त करता करता दत्तप्रसादचे केस पिकले होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण ‘नाही’ म्हटलं की फोन संपला. आधी सुजाता वारली, मग पोरगी नोकरीला अबुधाबीला गेली. तेव्हापासून घरात बोलणारा टीव्ही तेवढा उरला होता. अस्मी फोन करायची, नाही असं नाही; पण “बाबा, ऑल गुड?” आणि “ऑल गुड” एवढ्यात तो उरकायचा. आज कितीतरी दिवसांनी तिला बापाकडून काहीतरी हवं होतं.

“जुन्या फ्यूजवर काय छापलंय, वाच बघू,” तो म्हणाला. तिने वाचलं. मग त्याने ड्राइव्ह कोणत्या कंपनीचा ते विचारलं, मशीन किती जुनं ते विचारलं. मध्येच ‘जेवलीस का’ हेही घुसडून दिलं.

“बाबा, प्लीज! यस ऑर नो?”

तिच्या मागून वासिफचा आवाज आला, “खलास, लगा दो!”

आता मात्र त्याच्यातला मेकॅनिक खडबडून जागा झाला. “नो! अजिबात लावू देऊ नकोस. साधा फ्यूज वायर वाचवतो, तेही सावकाश. तो वितळेपर्यंत ड्राइव्हमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचा कोळसा होईल. त्याला सेमीकंडक्टर फ्यूजच लागतो, झटक्यात उडणारा. माझ्याकडे आहे ना! दोन तासांत घेऊन येतो. मग तिथंच कुठंतरी जेवू दोघं.”

बोलता बोलता त्याने ड्रॉवरमधून तो पांढरा, चिनीमातीचा फ्यूज काढलाही होता.

“नो, नो, बाबा. एवढं लांब ड्राइव्ह करून कशाला येतोस? इथला जवळचा मुसफ्फाचा सप्लायर लगेच पाठवेल. यू आर अ लाइफसेव्हर. चल, बाय...”

फ्यूज त्याच्या हातात तसाच राहिला. नवा फ्यूजही टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पहिला ज्या कारणाने उडाला ते कारण मशीनमध्ये अजून ठाण मांडून बसलं होतं. फ्यूज उडाला की अस्मीचा फोन येणार. त्याने फक्त गप्प राहायचं होतं.

क्षणभर तो गप्प राहिलाही. मग साहेबासमोर दुसऱ्यांदा मान खाली घालून उभी असलेली पोर त्याला दिसली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“थांब, थांब! ठेवू नकोस,” तो जवळजवळ ओरडलाच. “फ्यूज काही हौसेनं उडत नाही, बाळा. मेन स्विच बंद करून मोटरचा वायरिंगचा डबा उघडायला सांग.”

पलीकडे कुणीतरी स्क्रू काढायला लागलं. दत्तप्रसाद फोन कानाला घट्ट लावून तिच्या कारखान्याची घरघर ऐकत राहिला. स्क्रू जरा गंजलेले असते तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं.

“बाबा! आत कूलंटचं पाणी आहे! हाउ डिड यू नो?”

“त्या पाण्यानंच शॉर्ट होतोय. वायरी तपासून घे, डबा कोरडा कर, सील बदल. फ्यूज सगळ्यात शेवटी.”

“डन. लव्ह यू, बाय!”

समोर जेवत बसलेल्या वर्कशॉपमधल्या नोमानने विचारलं, “बेटी थी? सब खैरियत?”

“मशीन बंद था उसका. फ्यूज उड गया था.”

“हो गया ठीक?”

दत्तप्रसादने हातातला फ्यूज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गार झालेला डबा पुढे ओढला.

“हां,” तो म्हणाला. “अब नहीं उडेगा.”