नऊ खाचा

वेइक्कोने भिंग डोळ्याला लावलं आणि आधी बंदुकीकडे नाही, काउकोकडेच पाहिलं. भिंगातून काउकोचं नाक बटाट्याएवढं दिसलं.

"माझ्याकडे काय बघताय? बंदूक तिकडे आहे."

"ती कुठं पळतेय? आधी मालक तपासतो मी."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर अंथरून तिच्यावर ती रशियन स्नायपर रायफल आडवी ठेवली होती, वर काळी दुर्बीण बसवलेली. काउकोच्या वडिलांनी, एइनारने, ती युद्धात शत्रूकडून हिसकावली आणि मग शत्रूवरच चालवली, असं गावात सगळे सांगत. सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, शाळेत युद्धाचं प्रदर्शन भरणार होतं. मधली काचेची पेटी एइनारच्या नावाने राखून ठेवली होती. फक्त वेइक्कोची सही हवी होती. चाळीस वर्षं शाळेत धातुकाम शिकवलेला हा मास्तर, त्याच्या सहीशिवाय त्या भागात कुणी साधं जुनं काडतूससुद्धा खरं मानत नसे.

त्याने दुर्बिणीवरचा नंबर वाचला, मग नळीवरचा. जुळले. त्याला ते मुळीच आवडलं नाही. त्याने नंबर नखाने खरवडला, बोटाला थुंकी लावून पुसला, वास घेतला. तरी जुळलेच.

"बंदूक खरी आहे," तो नाइलाजाने म्हणाला.

"मग करा सही. कॉफी निवतेय."

"आणि या?"

नळीखालच्या लांब लाकडावर चाकूने केलेल्या आडव्या खाचा होत्या. डाव्या बाजूला सहा, उजव्या बाजूला तीन.

काउकोने छाती पुढे काढली. "सहा शिपाई. तीन अधिकारी. सगळे बेचाळीसच्या हिवाळ्यात. अधिकाऱ्यांना वेगळी बाजू! बाबा फार शिस्तीचे."

"त्यांनी सांगितलं?"

"ते कसले सांगतायत! आयुष्यात माझ्याशी चार वाक्यं बोलले असतील. त्यातली दोन मासे साफ करण्याबद्दल. पण हे तर उघडच आहे ना?"

वेइक्कोने भिंग लाकडावर टेकवलं. "हिवाळ्यात आपली माणसं बंदुकीला पांढरा रंग फासायची. बर्फात दिसू नये म्हणून. हा बघा, लाकडाच्या रेघांत अजून आहे. ओरखड्यांत आहे. स्क्रूच्या डोक्यातसुद्धा आहे. या खाचांत?"

"गळून गेला असेल."

"नऊच्या नऊ खाचांतून? आणि ही अंतरं बघा. दस्त्याकडे अर्धी वीत, टोकाकडे जाता जाता तीन बोटं. मेलेली माणसं मोजणारा असं कशाला करेल?" त्याची नजर काउकोच्या कमरेच्या चाकूवर गेली आणि तिथेच थांबली. "या नंतर कुणीतरी पाडल्यात."

खुर्ची धाडकन मागे पडली. "मी? माझ्या बापाच्या बंदुकीवर मी खोटे मुडदे कोरले?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"भिंगातून म्हणालात!"

"'खाचा बनावट' असं लिहून सही देतो. त्याहून जास्त मला जमणार नाही."

काउकोचे कान लाल झाले. काचेच्या पेटीत बाबांचं नाव, आणि त्याखाली 'बनावट'! सगळं गाव वाचणार. "नको. त्यापेक्षा आत्ता घासून टाकतो. सँडपेपर शेडमध्ये आहे."

"अहो, लाकडाला हात लावू नका!" वेइक्को ओरडला.

"घासायच्या नाहीत," चुलीजवळून आवाज आला.

तिथे ऐनी होती, काउकोची थोरली बहीण. मघापासून ती कॉफी ओतत होती, आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने कॉफीची किटली ठेवली, हात पुसले, चादरीवरून रायफल उचलली आणि दस्ता जमिनीवर टेकवून उभी केली. आडव्या खाचा आता शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसू लागल्या.

"ही मी," डावीकडच्या सगळ्यात वरच्या खाचेवर बोट ठेवून ती म्हणाली. "सहा वर्षांची. दर उन्हाळ्यात, जूनच्या सणाला, सॉनाच्या वाफेतून बाहेर आलं की बाबा हिच्याशेजारी उभं करायचे. पाठ ताठ, हनुवटी खाली. दाराच्या चौकटीवर खाच पाडली तर आई ओरडायची ना, म्हणून ही."

वेइक्कोने खालपासून वरपर्यंत अंतरं पुन्हा एकदा पाहिली. लहान मूल सुरुवातीला भराभर वाढतं, मग हळूहळू. हे त्याच्यासारख्या मास्तराला सांगायला नको होतं. तरी संशय पुरता सुटला नाही.

"आणि उजवी बाजू?"

"ल्युलीची."

काउकोने ल्युलीला कधी पाहिलं नव्हतं. चर्चमागच्या कबरीच्या दगडावर नाव होतं, तेवढीच बहीण त्याला ठाऊक. तो जन्मला त्याच्या दोन वर्षं आधी ती गेली होती.

ऐनीने तळहात आडवा केला आणि तिसऱ्या खाचेच्या उंचीवर हवेत धरला. "बावन्नचा जून. त्या दिवशी टाचा उचलून उभी राहिली होती, बाबांनी दोनदा दटावलं. पानं गळायच्या आत..."

वेइक्कोने भिंग खिशात टाकलं. कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि तसंच धरून बसला.

काउको हळूहळू गुडघ्यांवर बसला. पासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कटकन वाजले. त्याने लाकडाच्या डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला, मग उजव्या. मग खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, दस्त्यापासून टोकापर्यंत. पुन्हा एकदा.

"ऐनी," तो म्हणाला, "माझी कुठंय?"

"तू झालास तोवर बाबांनी बंदूकच माळ्यावर टाकली होती."

काउकोचा अंगठा कोऱ्या लाकडावर थांबला. ऐनीचा हात अजून ल्युलीच्या डोक्यावर होता.