कडव्याआधीची चूक

डीजेने डिस्को-रॉकचं ते जुनं हिट गाणं लावलं, तसा भाचीच्या लग्नाचा सगळा मांडव नाचायला उठला. बावतीसमामा खुर्चीतच राहिले. त्या गाण्यातले ड्रम त्यांनी वाजवले होते. "मशीनसारखं सरळ वाजव," असं संगीतकारानं बजावलं होतं. वर्षभरात त्यानं खरंच ड्रम वाजवणारं मशीन आणलं आणि मामांना बोलावणं बंद केलं.

रेकॉर्डिंगच्या वेळी शेवटच्या कडव्याआधी मामांच्या हातातली ड्रमची काठी निसटून ड्रमच्या कडेवर टक्कन आपटली होती. ती चूक रेकॉर्डमध्ये तशीच राहिली. आताही मामा तिचीच वाट पाहत होते.

कडवं सुरू झालं, टक् आलंच नाही. मामा उठून डीजेकडे गेले आणि ते टक् कुठे गेलं, असं विचारलं.

"नवीन व्हर्जन आहे, अंकल. सगळं साफ केलंय," तो म्हणाला. "पण या गाण्यातलं ड्रमचं मशीन कसलं भारी वाजलंय."

"हो," मामा म्हणाले. "चांगलं होतं मशीन."