वणव्याआधी पोचणारा

डोंगरावर कुठंच धूर नव्हता, तरी हैबती ढेबे आग झोडपायची हिरवी फांदी घेऊन घाईघाईनं वर निघाला होता. पार्वतीला ते खटकलं. गावातल्या वणवा विझवणाऱ्या पथकाची ती प्रमुख. यंदा प्रत्येक वणव्यात तिच्या आधी हैबती पोचलेला असायचा. लोक कुजबुजत होतेच, की विझवणाराच लावतोय.

भर दुपारी ती अंतर राखून त्याच्या मागे चढली. पठारावर पोचली तेव्हा तो वाळल्या गवतात गुडघे टेकून बसला होता. त्याच्या हातात काडेपेटी होती.

"हैबती! अरे, आपल्याच पथकातला तू!"

तो दचकला, पण पळाला नाही. त्याच्यामागे करवंदीच्या जाळीशी त्याचे म्हातारे वडील बसले होते. ते हसून म्हणाले, "पोरी, जाळ घातला की गवत जोमानं येतंय. माझा बा असंच करायचा."

"आबांना घरातलं कुणी ओळखू येत नाही, वहिनी," हैबती मान खाली घालून म्हणाला. "डोंगर तेवढा आठवतोय. डोळा चुकवून निघतात, मी मागं धावतो. ही काडेपेटी आत्ताच त्यांच्या हातातनं काढली. कधी गाठतो, कधी उशीर होतो. सांगू कुणाला? गाव मारंल त्यांना."

पार्वती म्हाताऱ्याशेजारी गवतात बसली.

"पथकात एवढी माणसं आहेत. उद्यापासून आबांपाशी एकेकानं पाळीनं बसायचं. आज मी बसते. तू घरी जा, दोन घास खाऊन ये."