मागचं दिसणारा पडदा

ऑफिसातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम चढला होता. फक्त कोपऱ्यातल्या टेबलावरच्या ताई जुन्या प्रोग्रॅमचा काळा पडदा सोडायला काही केल्या तयार नव्हत्या.

"काळ्या पडद्यात मागचं दिसतं," एवढंच त्या म्हणायच्या.

कॉम्प्युटरवाल्याला संशय आला. इथे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. ताईंच्या पाठीमागे तर नुसती भिंत होती! भर दुपारी त्याने त्यांना उठवलं, स्वतः त्यांच्या खुर्चीत बसला आणि नवा प्रोग्रॅम चढवायला घेतला.

तो चढेपर्यंत काळ्या काचेत त्याला आपला चेहरा दिसत होता. मागे भिंत, आणि भिंतीला टेकून मान खाली घालून उभा असलेला एक माणूस.

त्याने गर्रकन वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. पुन्हा काचेत पाहिलं, तर तो माणूस खुर्चीला खेटून उभा होता आणि त्याची मान आता अर्धी वर आली होती.

"ताई, हा कोण?"

"मला तरी कुठे माहीत! बघत राहिलं की तो जागचा हलत नाही. तुम्ही फक्त नजर काढू नका."

तेवढ्यात नवा प्रोग्रॅम सुरू झाला. पडदा पांढराशुभ्र झाला आणि काचेतलं सगळंच दिसेनासं झालं.