सुगंधाची दाढ

“आदी तुमी बसा,” सुगंधा म्हणाली. “तुमाला काय होत नाय हे माज्या डोळ्यांनी बघते. मग मी बसते.”

तिने गालाला फडकं बांधलं होतं आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. बाहेर बाकावर बसलेली माणसं माना उंच करून बघत होती. पालघरात दातांचा डॉक्टर ही तेव्हा नवलाईच होती. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं, चहूकडून माणसं आली, त्यांच्या मागोमाग हे रामनाथ डॉक्टरही आले. स्टेशनजवळच्या एका खोलीत त्यांनी वरखाली होणारी लोखंडी खुर्ची मांडली. जवळच्या माहीम गावाहून एसटीने तिला इथवर आणायचं तर तिच्या नवऱ्याला, भगवंताला, तिच्या किती विनवण्या कराव्या लागल्या होत्या! आणि आता ती उंबऱ्यावरच अडून राहिली होती.

भगवंत म्हणजे विड्याच्या पानवाडीत राबणारा दांडगा गडी. अख्खी सुपारी दाढेखाली कडकन फोडायची, ही त्याची ख्याती. लग्नकार्यात ते बघायला घोळका जमायचा. आमच्या घराण्यात माणूस मरतो तो बत्तीसच्या बत्तीस दात घेऊन, असं तो छातीवर हात मारून सांगे. मग दिवाळीपासून आपलीच उजवी दाढ ठणकतेय, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार? लवंग दाबायची, तंबाखूची राख चोळायची, डाव्या बाजूने चावायचं, असं त्याचं चाललं होतं. कुणी विचारलंच, तर कान दुखतोय म्हणायचा.

त्यातच सुगंधाची दाढ दुखायला लागली. तिला काही चावता येईना. घरात भाकरी बंद झाली आणि दोन्ही वेळा मऊ पेज शिजू लागली.

“तुला पेज, तर मलाबी पेजच,” भगवंत मोठ्या मनाने म्हणाला.

शेजारच्या मैनाबाईने हे गावभर सांगितलं. नवरा असावा तर असा! भगवंत मान खाली घालून पेज भुरकायचा आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानायचा. पण बायकोचं कण्हणं मात्र त्याला ऐकवेना. स्वतःचं दुखणं दाबून ठेवायची त्याला सवय झाली होती. तिचं दाबता येत नव्हतं.

“बसतो की! त्यात काय?” तो आता मोठ्याने म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला. डॉक्टरांनी खालचा दांडा पायाने दाबला. खुर्ची वर गेली, पाय जमिनीवरून सुटले आणि भगवंताने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले.

“नुसतं बघा हां, डॉक्टर. दुखणं तिचं हाय.”

डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडात घातला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडेच पाहत राहिले. हातातल्या बारीक सळईने त्यांनी एका दाढेवर हलकेच टकटक केलं. भगवंताच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाकावरचा एक जण उठून घरी गेला.

“ही कधीपासून दुखतेय?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोण दुखतंय?”

“ही दाढ आतून पोखरलीय. मुळाशी पू झालाय. आणखी लवंगा दाबत बसला असतात, तर पू जबड्यात उतरला असता. मग नुसत्या दाढेवर भागलं नसतं.”

भगवंताने दाराकडे पाहिलं. पळायला तेवढी एकच वाट होती आणि त्या वाटेत सुगंधा उभी होती, गालावर फडकं बांधून, डोळे मोठे करून. आपण पळालो, तर ही जन्मात या खुर्चीत बसणार नाही, हे त्याला कळत होतं.

“काढा,” तो म्हणाला. मग हळूच पुटपुटला, “पण डॉक्टर, तिला भ्या वाटंल असं काय करू नका.”

सुई टोचली. गाल जड झाला, ओठ कुणा परक्याचा वाटू लागला. डॉक्टरांनी चिमटा लावला, दोनदा हलवला, आणि दाढ बाहेर. भगवंत अजून दुखायची वाटच बघत होता.

“शेजारची मात्र वाचेल,” डॉक्टर म्हणाले. “कीड नुकतीच लागलीय. पुढच्या खेपेला कोरून चांदी भरू. सुपारी फोडायला अडकित्ता असतो. राख चोळणं बंद. सकाळी आणि रात्री निजताना ब्रशने दात घासायचे, खाल्ल्यावर चूळ भरायची. आणि दुखेपर्यंत थांबायचं नाही, अधूनमधून नुसतं दाखवून जायचं. हा बोळा अर्धा तास चावून धरा. तोवर एक शब्द बोलायचा नाही.”

भगवंत रुबाबात खाली उतरला आणि हात पसरून बायकोला खुर्ची दाखवली. सुगंधा मुकाट्याने जाऊन बसली. तिने आ केला. डॉक्टरांनी आरसा वर फिरवला, खाली फिरवला, पुन्हा वर फिरवला. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भगवंताकडे पाहिलं आणि घाईघाईने हात धुवायला पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते.

“यांना आज काही करायला नको,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

रस्त्यावर येताच सुगंधाने फडकं सोडलं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून पुडीभर भाजलेले चणे घेतले, मूठ तोंडात टाकली आणि दोन्ही बाजूंनी कडाकडा चावू लागली. भगवंत जागीच थांबला. त्याने तिच्या गालाकडे बोट केलं.

“ऊं? ऊं ऊं?”

“माजी दाढ कदीच दुकत नव्हती,” सुगंधा म्हणाली. “सोतासाटी तुमी त्या खुर्चीत बसला नसता. पन माज्यासाटी बसाल, येवडं मला ठावं होतं.”