कोणाला चावलंय का

"हे कोणाला चावलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मार्तंड म्हणाला.

जिमी टेबलावर अंग चोरून बसला होता. तोंडातून लाळ गळत होती. दोन दिवसांपासून त्यानं दुधालाही तोंड लावलं नव्हतं. मार्तंडनं त्याला शालीत गुंडाळून रिक्षातून आणलं होतं. गुरांच्या दवाखान्याबाहेर म्हशी घेऊन उभी असलेली माणसं ती शाल बघत होती. जिमीबद्दल विचारायच्या गोष्टी त्यानं कागदावर लिहून आणल्या होत्या. थंडीत आंघोळ किती दिवसांनी घालावी, गोचिडांना काय लावावं, नुसत्या दूध-पोळीवर कुत्रं राहतं का.

डॉक्टरांनी अजून हात पुढे केला नव्हता. "घरात कोण कोण असतं?"

"मी, मिसेस आणि मुलगी."

"धुण्याभांड्याला कोणी?"

"बायनाबाई येते," मार्तंड म्हणाला, आणि तिथंच थांबला.

मागच्या मंगळवारी बायनाबाईनं घासायला म्हणून जिमीची ताटली ओढली होती. जिमी शेजारीच झोपला होता. तो उठला आणि त्यानं तिच्या मनगटाला धरलं. सुमंगलानं, म्हणजे मार्तंडच्या बायकोनं, जखमेत तिखट भरलं. मार्तंड खुर्चीतूनच म्हणाला होता, झोपल्या कुत्र्याजवळ जायचंच कशाला? मग त्यानं जिमीला मांडीवर घेतलं. बिचारा थरथरत होता.

"चावलं म्हणजे, तिला जरासं लागलं होतं," तो म्हणाला. "आठ दिवस झाले."

डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी हातमोजे चढवले. गड्यानं जिमीला घट्ट धरलं, जबड्यात आडवी काठी घातली. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिलं आणि चिमट्यानं एक टोकदार हाड बाहेर काढलं. टाळूत आडवं बसलं होतं. काठी निघाल्याबरोबर जिमीनं दोनदा तोंड चाटलं आणि शेपूट हलवली.

मार्तंडचा जीव भांड्यात पडला. त्यानं खिशातून कागद काढला. "आता दूध दिलं तर चालेल ना?"

"इंजेक्शनं चालू केली का?"

"जिमीला?"

"कुत्र्याचं झालं. मी बाईचं विचारतोय."

मार्तंडनं कागद पुन्हा खिशात ठेवला.

"कुत्र्याला लस टोचलेली नाही," डॉक्टर हात धूत म्हणाले. "हाड निघालं म्हणून ते पिसाळलेलं नाहीच, असं मी आज लिहून देणार नाही. चावल्यापासून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी लागते, आणि माणसाला दुसऱ्याच दिवशी सुया सुरू करायच्या असतात. पोटात चौदा. परभणीलाच मिळतात. तुम्ही काय करता?"

"हायस्कूलला आहे. विज्ञान शिकवतो."

हे सांगताना त्याचे कान तापले. नववीच्या पोरांना दर वर्षी तो रेबीजचाच धडा शिकवत होता. लागण झाल्यावर माणूस पाण्याला कसा भितो, हे तो वर्गात करूनही दाखवायचा.

जिमीला घरी सोडायला गेला तेव्हा सुमंगला दारातच होती. "अकरा वाजले, बायनाबाईचा पत्ता नाही. काल तुम्ही एवढं बोललात तरी."

आठवडाभर बायनाबाई उशिरा येत होती. वेळेवर यायचं नसेल तर आम्ही दुसरी बघतो, असं मार्तंड तिला कालच म्हणाला होता. ती खाली मान घालून भांडी घासत राहिली होती. तिला बरं नसेल, घरात पडून असेल, किंवा... पुढचं त्याच्या मनात येऊ लागलं. तो चप्पल घालून तसाच निघाला.

रेल्वेलाइनच्या पलीकडं तिचं घर होतं. दाराला कडी होती. शेजारची चतुराबाई गोवऱ्या थापता थापता म्हणाली, "ती परभणीला गेलीय. सकाळच्या गाडीनं. रोजच जायलीय की."

म्हणजे हिंडती-फिरती आहे. त्याला हायसं वाटलं. रोज परभणीला तिचं काय काम, हे कोडं मात्र होतं. स्टेशनकडं चालताना तिला काय सांगायचं ते त्यानं मनाशी ठरवलं. घाबरवायचं नाही, नीट समजावून सांगायचं. उद्यापासून शाळेत रजा टाकून आपण स्वतः तिला परभणीला न्यायचं. सर असूनही हे माझ्यासाठी धावले, असं तिला वाटेल. या विचारानं त्याला जरा बरं वाटलं.

पूर्णा स्टेशनात गाडी लागली तेव्हा उन्हं तापली होती. बायनाबाई शेवटच्या डब्यातून उतरली. एक हात पोटावर दाबून, हळूहळू पावलं टाकत येत होती. मनगटाला चिंधी गुंडाळलेली होती. समोर मार्तंड दिसताच तिनं पदर सावरला आणि चाल वाढवली.

"आज गाडीच लेट झाली सर," ती लांबूनच म्हणाली. "आत्ता येते भांड्याला. बाई लय कावल्या असतील ना?"

"परभणीला कशाला गेली होतीस?"

"सुया घ्यायला. आज आठवी झाली." तिनं पोटावरचा हात काढला नाही. "सहा दिवस कड काढा. मग येते पहिल्यासारखी येळेवर."

मार्तंडनं तिच्या मनगटावरच्या चिंधीकडं पाहिलं. तो म्हणाला, "अगं, मग मला सांगायचं तरी."

बायनाबाईला त्याच्या बोलण्याचं नवल वाटलं.

"सांगितलं की सर, दुसऱ्याच दिवशी सकाळी. तुमी पेपर वाचायलते. नामांतराचं काईतरी बाईंना वाचून दाखवायलते. मी दोनदा सांगितलं, दवाखान्यात जायचंय, उशीर होईल. तुमी बरं म्हणले."